नदीकाठच्या बुरुजातली राणी

रविवारी सकाळी नऊच्या आतच रांग किल्ल्याच्या पडक्या दरवाजातून बाहेर पडून थेट पुलापर्यंत पोचली होती. माणसं तरी किती! काठी टेकत आलेले म्हातारे, पोटाशी पोरं धरलेल्या बाया, परीक्षेला बसलेली मुलं, दोन वकील आणि स्वतःच्या मोटारीतून आलेला एक दातांचा डॉक्टरसुद्धा. कुणाची पाठ सुधारली होती, कुणाची हरवलेली अंगठी पिठाच्या डब्यात सापडली होती, कुणाच्या सुनेने भांडण सोडलं होतं. हे सगळं राणीने केलं होतं, आणि राणी मरून सातशे वर्षं झाली होती.

किल्ला म्हणायचा म्हणून किल्ला. तीन बाजूंच्या भिंती कधीच्या ढासळल्या होत्या, दालनांना छपरं नव्हती, दिवाणखान्यात बाभळी माजल्या होत्या. नदीकडचा एक गोल बुरूज तेवढा तग धरून होता. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तिथे चोरून सिगारेट ओढणारी कॉलेजची पोरं आणि शेळ्या यांच्याशिवाय कुणी फिरकत नसे. मग बुरुजातून राणी बोलायला लागली आणि शेळ्यांना हाकलण्यात आलं.

"बंधूंनो, भगिनींनो!" दरवाजाशी उभा असलेला माणूस भोंग्यातून ओरडत होता. "आजारी प्रजेसाठी राणीसाहेबांनी अन्न सोडलं! याच बुरुजातल्या दगडी आसनावर बसून देह ठेवला! देह गेला, पण आवाज राहिला! विज्ञानच सांगतं, आवाज नष्ट होत नाही. कंपनं, मित्रांनो, कंपनं! परदेशातले शास्त्रज्ञ येऊन डोकं धरून बसले!"

"कुठल्या देशातले?" रांगेतून एका मिस्त्रीने विचारलं.

"सगळ्या," भोंगेवाला म्हणाला आणि पुढे वळला.

तो स्वतःला राणीचा दूत म्हणवायचा. मिस्त्रीने त्याला केव्हाच ओळखलं होतं. चार वर्षांपूर्वी हाच दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत फिरायचा आणि एक यंत्र त्याने मिस्त्रीच्याही गळ्यात मारलं होतं. सहा महिन्यांत त्यातून हिरवं शेवाळ निघालं. तेव्हाही कंपनंच होती, यंत्रातली.

मिस्त्री काही हौसेने आला नव्हता. नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात अडतीस वर्षं काढून तो निवृत्त झाला होता आणि रविवार त्याला घरी, पाय लांब करून घालवायला आवडायचा. पण धाकटी बहीण सकाळी सातला दारात उभी राहिली. "दादा, ठमीला जरा किल्ला दाखवायचाय. तिला एवढं चालवत नाही, तू बरोबर चल." मेहुणा परगावी नोकरीला. नाही कसं म्हणणार?

ठमी तेरा वर्षांची. तिला लहानपणापासूनचा मधुमेह होता, त्यातला तो इन्सुलिनवाला. दिवसातून चार वेळा सुई. एरवी पोरगी बोलायला लागली की समोरच्याची पळता भुई थोडी व्हायची. आज मात्र ती मामाच्या खांद्याला टेकून गप्प उभी होती, आणि रांगेतल्या तासाभरात तिची पाण्याची तिसरी बाटली संपत आली होती.

"काय गं, आज तोंडाला कुलूप?"

"मामा, मळमळतंय," ती म्हणाली. मग आई नोंदणीच्या टेबलाशी वाकलेली बघून तिने पटकन सांगून टाकलं, "शुक्रवारी दुपारपासून आई सुई देत नाहीये. त्या सकाळी ती एकटी इथे येऊन गेली, तेव्हा राणीने सांगितलं. आज औषधाचा डबा तिला द्यायचा, मग मी कायमची बरी होणार."

मिस्त्रीने बोटांवर मोजलं. शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ. पाच वर्षांपूर्वी ही पोर बेशुद्ध होऊन दवाखान्यात पडली होती, तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं. सुई चुकली तर रक्त विषारी होतं.

नोंदणीच्या टेबलावरची बाई तोवर त्याच्या बहिणीचा हात हातात घेऊन बसली होती. आवाजात नुसती साखर. "हो का गं? चार-चार सुया? आणि शाळेत मुलं चिडवतात? अगं बाई! मिस्टर नसतात का इथे?" विचारता विचारता तिचा दुसरा हात मोबाईलवर भराभर चालत होता. नोंदणी ऑनलाइन आहे, असं ती सगळ्यांना सांगत होती.

बहीण परत आली तसा मिस्त्री तिच्यावर तुटून पडला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? डबा काढ. आत्ताच्या आत्ता तिला सुई दे."

"दादा, हळू बोल. माणसं बघतायत."

"बघू देत!"

"पाच वर्षं मी तिला टोचतेय," बहीण म्हणाली.  "पाच वर्षं रोज सकाळी माझी पोरगी मला बघून हात मागे घेते. मला बघून, दादा! हिच्या बापाला फोनवर विचारलं तर म्हणाला करून बघ, बिघडलं काय. आपल्यापुढे आता सहा माणसं आहेत. दहा मिनिटं. राणीला सगळं माहीत होतं रे, मी न सांगता. सुया माहीत होत्या, शाळेतलं चिडवणं माहीत होतं. दहा मिनिटं थांब, मग तू म्हणशील ते."

डबा हिसकावणं अवघड नव्हतं. पण हिसकावला तर ही उद्या एकटीने येईल, आणि उद्या आपण इथे नसू. मिस्त्रीने दात आवळले. दहा मिनिटं, एक मिनिटही जास्त नाही, असं तिला बजावलं आणि ठमीला पाठीवर घेतलं.

बुरुजाच्या आत एक अरुंद बोळ होता. बोळ दोनदा वळून भिंतीच्या पोटातल्या एका इवल्याशा खोलीत जात होता. खोलीत माणूस जेमतेम उभा राहील. समोर भिंतीत बसवलेला दगडी कट्टा, कट्ट्याच्या मधोमध वाटोळं भोक, कडा घासून घासून गुळगुळीत झालेली. भोकाभोवती फुलं, उदबत्त्या आणि शेकडो ओठांचे तेलकट डाग. आलेला माणूस गुडघे टेकायचा, कट्ट्याचं चुंबन घ्यायचा, तोंड भोकात घालून गाऱ्हाणं सांगायचा. भोकातून गार वारा वर यायचा. त्याला दूत राणीचा श्वास म्हणायचा आणि खोल घ्यायला सांगायचा.

मिस्त्रीने ठमीला खाली ठेवलं आणि तो बघतच राहिला. दुसऱ्या कुणी राणीचं आसन पाहिलं असतं. त्याने बांधकाम पाहिलं. दोनदा वळलेला बोळ कशासाठी? वास दिवाणखान्यात जाऊ नये म्हणून. खोली नदीकडच्याच भिंतीत का? कट्ट्याची उंची एवढीच का? हाताशी तो छोटा कोनाडा कशाचा? त्याने मान वाकवून भोकात पाहिलं. आत नळी तिरकी, बाहेरच्या अंगाला उतार दिलेली, सुंदर उतार, आजच्या कंत्राटदारांना जमणार नाही असा. खाली नदीची हवा गार, वर खोली माणसांनी तापलेली, म्हणजे वारा वर येणारच.

"आसनाला डोकं टेका, बंधू!" मागून दूत म्हणाला.

बहिणीने गुडघे टेकले. कट्ट्यावर ओठ ठेवले. मिस्त्रीने तोंड फिरवलं. अडतीस वर्षं तो कमरेएवढ्या घाणीत उतरला होता, मेलेली डुकरं हाताने ओढून काढली होती, पण किळस अशी त्याला कधी आली नव्हती. घाण बिचारी घाण म्हणूनच समोर येते. ती अंगावर फुलं घालून, उदबत्ती लावून बसत नाही.

तेवढ्यात खालून आवाज आला. ठक. ठक.

"पावलं!" बोळातली माणसं कुजबुजली. "राणीची पावलं!"

मग राणी बोलली. आवाज ना बाईचा, ना पुरुषाचा. "बाळ... आजारी... आहे... सुया... टोचतात... आई... थकली... औषध... मला... दे..."

बहिणीच्या डोळ्यांना धार लागली. तिने पिशवीतून डबा काढला. आणि मिस्त्री कान टवकारून जागच्या जागी उभा राहिला, कारण ही बोली त्याची स्वतःची होती.

जमिनीखालच्या नळात दोन माणसं दोन टोकांना असली की ओरडून उपयोग होत नाही. घुमणारा आवाज शब्दांचे शेवट खाऊन टाकतो. म्हणून एकेक शब्द सुटा करायचा, खालच्या पट्टीत, मध्ये थांबत बोलायचं. बोलण्याआधी दोन ठोके द्यायचे, म्हणजे पलीकडचा हातातलं काम थांबवून कान देतो. आणि तीन ठोके, लागोपाठ, म्हणजे वरून पाणी सोडलंय, असशील तसा बाहेर पळ. ही भाषा खात्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हती आणि खात्यात नळात उतरणारी माणसं होती चार. एक वारला होता, एक मुलाकडे परगावी गेला होता. उरले दोघं. त्यातला एक इथे वर उभा होता.

बहिणीचा हात भोकावर गेला. मिस्त्रीने तिचं मनगट पकडलं, दुसऱ्या हाताने खिशातली किल्ल्यांची जुडी काढली आणि दगडावर हाणली. ठक, ठक, ठक.

खाली काहीतरी धडामकन कोसळलं. मग बुरूज दणाणून गेला. "अरे थांब! थांब! पाणी सोडू नको! मी आत आहे! मेलो, मेलो!"

 ठमी तेवढ्या मळमळीतसुद्धा फिस्सकन हसली. "मामा, राणीला पोहता येत नाही?"

मिस्त्री भोकावर वाकला आणि एकेक शब्द सुटा करून बोलला. "लंबू... मी... आहे..."

 मग खालून, अगदी बारीक आवाजात, "मिस्त्री? तू इथे कसा?"

लंबू त्याचा बावीस वर्षांचा जोडीदार. एका डब्यात जेवलेले, एका दोरीला लटकलेले.

"राणीसाहेब कोपल्या!" दूत किंचाळला. "अपवित्र माणसाने आसनाला धातू लावला! दुष्ट शक्ती पुरुषाच्या आवाजात बोलतेय! बाहेर व्हा सगळे, कंपनं बिघडली!"

"कंपनं तुझी बिघडलीयत," मिस्त्री म्हणाला. तो वळला. बोळातल्या माणसांकडे त्याने एकदा नीट पाहिलं आणि आवाज चढवला. "हा संडास आहे."

"काय म्हणाला?" मागून कुणीतरी विचारलं.

"अहो, संडास! किल्ल्यातल्या लोकांनाही लागायची ना? इथे बसायचे, सगळं या नळीतून खाली नदीकडे जायचं. हे आसन नाही, हा कट्टा आहे बसायचा, आणि तुम्ही आठ महिने त्याचे मुके घेताय. तो कोनाडा पुसायचं गवत ठेवायला. नळीच्या खालच्या तोंडाशी माझा एक जुना दोस्त बसलाय आणि तो तुमच्याशी बोलतोय. खोटं वाटत असेल तर या माझ्याबरोबर खाली."

दातांच्या डॉक्टराने रुमालाने ओठ पुसायला सुरुवात केली. तो बराच वेळ पुसत होता.

नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर दूताने फळी ठोकली होती. 'सावधान, विषारी साप.' मिस्त्रीने ती लाथेने उडवली. मागे तीस-चाळीस माणसं उतरली. ठमीला आईने धरलं होतं. बुरुजाच्या तळाशी, पाण्यापासून पुरुषभर उंचीवर, एक कमानदार तोंड होतं आणि आत एका माणसाला आरामात बसता येईल अशी जागा. प्लास्टिकचं स्टूल उलटं पडलं होतं. थर्मास होता, उशी होती, एक मोबाईल होता. त्याच्या पडद्यावर नोंदणीवाल्या बाईचा ताजा निरोप तसाच उघडा होता: 'मुलगी, साखर, ४ सुया, शाळेत चिडवतात, बाप बाहेरगावी.'

लंबू भिंतीला पाठ लावून उभा होता. पण लोक त्याच्याकडे बघत नव्हते. ते त्याच्या मागच्या दोन पोत्यांकडे बघत होते.

राणीला दिलेली औषधं नळीतून घरंगळत इथेच येत होती. लंबूने ती निवडून ठेवली होती. एका पोत्यात फोडलेली पाकिटं, अर्ध्या बाटल्या, चष्मे, कानाची यंत्रं. दुसऱ्यात न फोडलेला माल.

"हे वेगळं का काढलंय?" मिस्त्रीने विचारलं.

लंबूने मान खाली घातली. "औषधाच्या दुकानात परत जातं, विकायला."

एक तरुण बाई पुढे झाली. पहिल्या पोत्यातून तिने दम्याचा एक निळा पंप उचलला. त्याला पांढरी चिकटपट्टी लावलेली होती आणि पट्टीवर काहीतरी लिहिलेलं होतं.

"अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "वडिलांना लवकर सापडावा म्हणून लावलेली. मंगळवारी गेले ते. मला वाटलं, माझीच श्रद्धा कमी पडली."

 मिस्त्री लंबूजवळ गेला. मारावं असं त्याच्या मनात होतं, हात उचललाही होता, पण त्या चेहऱ्याला हात लावायचीही त्याला शिसारी आली.

"बावीस वर्षं आपण लोकांची घाण काढली रे," तो म्हणाला. "कुणी नाक दाबलं तरी मला कधी लाज वाटली नाही. आज वाटली. तुझ्याबरोबर जेवलो त्याची."

"मला नुसतं बोलायला सांगितलं होतं," लंबू पुटपुटला. "मी कुणाला काही केलं नाही."

मागे ठमी पायरीवर बसली आणि ओकली. नुसतं पाणी. तोंडाला पिकलेल्या फळासारखा विचित्र वास येत होता. आईने डबा उघडून सुई काढली, पण रडण्यापुढे तिला मात्रेचे आकडे दिसेनात. ठमीनेच तिच्या हातातून घेतली, झाकण दातांनी काढलं, मात्रा बघितली आणि पोटात टोचून घेतली.

"दे मला," ती आईला म्हणाली. "तू रडत बसतेस."

दातांच्या डॉक्टराच्या मोटारीतून तिला इस्पितळात नेलं.  दोन दिवस ठमी सलाइनवर होती. तिसऱ्या दिवशी मुलांच्या डॉक्टरीणबाई बहिणीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"इन्सुलिन म्हणजे सवय नाही, व्यसन नाही. तिचं शरीर ते बनवतच नाही. आपलं बनवतं, तिचं नाही. कुणाच्या आशीर्वादाने ते बनायला लागणार नाही. अजून एक रात्र गेली असती तर मी तुमच्याशी अशी बसून बोलत नसते."

"मला माहीत होतं हो," बहीण म्हणाली. "तुम्ही पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मला फक्त ते खरं नको होतं."

दूत आणि नोंदणीवाली बाई पोलीस कोठडीत गेले. लंबूने सगळं कबूल केलं. झालं, आता लोक शहाणे झाले, असं मिस्त्रीला वाटलं. पण पुढच्या रविवारी किल्ल्यापाशी पन्नास-साठ माणसं परत आली. एक म्हणत होता, लंबूला मिस्त्रीनेच पैसे चारून बसवलं. दुसरी म्हणत होती, संडास तर संडास, राणीचाच ना? मिस्त्रीने हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "जाऊ दे मसणात," तो बहिणीला म्हणाला. "ज्यांना गटार चाटायचंय त्यांना चाटू दे."

"मी पण चाटलंय, दादा," बहीण म्हणाली. "मला कुणी खाली नेऊन दाखवलं नसतं तर?"

ती घरून निघाली. ठमीची सकाळची सुई झाली होती, नाश्ता झाला होता, पोरगी अंथरुणात पुस्तक वाचत पडली होती. मिस्त्री चरफडत मागून गेला. बहीण किल्ल्याच्या दरवाजात, जिथे भोंगेवाला उभा असायचा तिथे, जाऊन उभी राहिली. भोंगा नव्हता. एक बाई सात-आठ महिन्यांचं मूल छातीशी धरून आत निघाली होती, हातात औषधाची बाटली होती. बहिणीने तिचा रस्ता अडवला.

"काय झालंय बाळाला?"

"झटके येतात."

"किती दिवस औषध बंद आहे?"

बाईने बाळाचं टोपडं नीट केलं.

"माझी मुलगी तेरा वर्षांची आहे," बहीण म्हणाली. "मी तिचं औषध याच भोकात टाकायला आले होते. तिला जवळजवळ मारलंच होतं मी. आवाज मीही ऐकला, रडलेही. पण तो कुठून येतो, हे मी विचारलं नाही. तू विचार. कुणी चमत्कार दाखवला ना, की आधी त्याच्या खालची बाजू बघायची. तो खरा असेल तर बघितल्याने काही बिघडणार नाही. चल, मी दाखवते. पायऱ्या निसरड्या आहेत, बाळाला माझ्याकडे दे."

बाईने बुरुजाकडे पाहिलं, हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग तिने मूल बहिणीच्या हातात दिलं, बाटलीचं झाकण घट्ट फिरवून ती पिशवीत ठेवली आणि दोघी नदीकडे उतरायला लागल्या.